ब्रशवर रक्त दिसले म्हणून ब्रश सोडू नका



आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या मातांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. दात घासताना हिरडीतून रक्त येते, थुंकी लाल होते. ब्रश बंद केला की रक्तही दिसेनासे होते. म्हणजे ब्रशच टोचत असावा, असे समजून पुष्कळ घरांत ब्रश खिडकीत पडून राहतो आणि बोटाने मंजन सुरू होते. आज याच एका गोष्टीवर बोलायचे आहे, कारण घरोघरी काढला जाणारा हा निष्कर्ष नेमका उलटा आहे.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण आमच्या वाडीची एक सोय अशी की दातांची मोठी रुग्णालये फार लांब नाहीत. वाडी-वानाडोंगरी रस्त्यावर स्वर्गीय दादासाहेब काळमेघ स्मृती दंत महाविद्यालय आहे, आणि नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. गल्लीतल्या बायाबापड्यांसोबत तिथल्या बाकांवर बसण्याचा योग आम्हाला बऱ्याचदा आला आहे, आणि शिक्षकाच्या सवयीने आम्ही प्रश्नही फार विचारतो.

आधी हे रक्त येते कुठून ते पाहू. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की एक बुळबुळीत थर लागतो. तो निव्वळ अन्नाचा कण नसतो, त्यात जिवंत जंतूंची वस्ती असते. दात घासल्यावर काही तासांतच तो पुन्हा जमू लागतो. रोज निघाला तर त्रास नाही. पण दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला तो दिवसेंदिवस राहिला, तर हिरडी त्याच्याशी लढायला उभी राहते. तिथे जास्त रक्त धावून येते, हिरडी लाल होते, फुगते, चकाकते, आणि जरा स्पर्श झाला की रक्त निघते. ही हिरडीची सूज, आजाराची पहिली पायरी. तोच थर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि दगडासारखे किटण बनते. ते ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा.

म्हणजे जिथे रक्त येते तिथे घाण साचली आहे, एवढाच त्याचा निरोप. तिथला ब्रश थांबवला की ती आणखी साचते. रक्त थांबले असे वाटते, कारण हात लावायलाच कोणी जात नाही.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगून टाकतो. पुस्तकांत निरोगी हिरडी गुलाबी असते असे लिहिलेले असते. आपल्यापैकी पुष्कळांच्या हिरड्या जन्मापासून तपकिरी किंवा काळसर डागांच्या असतात. तो कातडीसारखाच रंग आहे, आजार नाही. एका आईने मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत हिरड्यांचे काळे डाग घालवायचे औषध आम्हाला विचारले होते. मुलीच्या हिरड्या घट्ट आणि ठणठणीत होत्या. रंग पाहू नका. सूज आणि रक्त पाहा.

ही पहिली पायरी पूर्ण मागे फिरते, आणि हे फार जुन्या काळी सिद्ध झालेले आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हाराल्ड लो या दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा स्वच्छता सुरू करायला लावली. साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्वीसारख्या झाल्या. कोणतेही महाग औषध नाही, फक्त थर काढून टाकणे.

मग दुर्लक्ष झाले तर काय होते? याचेही उत्तर त्याच डॉक्टरांनी पुढे शोधले, आणि तेही आपल्या शेजारी, श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत. तिथल्या ४८० मजुरांना त्यांनी १९७० पासून १५ वर्षे पुन्हा पुन्हा तपासले. हे लोक दात घासत नव्हते आणि दातांचे उपचारही त्यांना मिळत नव्हते. हिरड्यांची सूज जवळपास सगळ्यांनाच होती. पण पुढची गत सारखी नव्हती. साधारण ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला आणि तरुणपणीच दात पडू लागले. ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ११ टक्के लोकांत सूज होती, पण ती पुढे सरकली नाही. आपल्याकडे प्रत्येक खानदानात एक दादाजान असतात ज्यांनी आयुष्यात ब्रश धरला नाही आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाल्ला. ते या ११ टक्क्यांतले समजा. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळायचा मार्ग नाही, आणि दादाजानचा दाखला देणारा माणूस बहुधा दुसऱ्या गटातला निघतो.

दुसरी पायरी म्हणजे ज्याला सगळे लोक ‘पायोरिया’ म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरात मसूढे म्हणा, मराठीत हिरड्या म्हणा, पायोरिया हा शब्द मात्र दोन्हींकडे सारखाच भीतीने उच्चारला जातो. यात सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, हिरडी आणि दात यांच्यात खिसा तयार होतो. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. आजार थांबवता येतो, पुसता येत नाही. दोन पायऱ्यांमधली ही सीमा ओलांडताना दुखत नाही, हीच खरी अडचण. दाढ किडली की माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी डॉक्टर गाठतो. हिरडी गुपचूप जाते.

आता आमच्या गल्लीतल्या एका भाभींची हकीकत, त्यांच्या परवानगीने. वय छत्तीस, तीन मुले, नवरा अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवतो. वर्षभरापूर्वी ब्रशवर रक्त दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, ब्रशने मसूढे छिलले जातात, लाल मंजन लाव. लाल मंजन झाले, तुरटी झाली, लवंगेचे तेल झाले. रक्त कमी-जास्त होत राहिले आणि तोंडाला वास येऊ लागला. भाभी बोलताना पदर तोंडाशी धरू लागल्या, शाळेच्या पालक सभेला मागच्या रांगेत बसू लागल्या. आमच्या लक्षात आले ते त्यामुळेच.

त्यांच्या मनात आणखी एक भीती होती, जी अनेक भगिनींच्या मनात असते पण डॉक्टरांना सांगितली जात नाही. वुजू करताना मिस्वाक किंवा ब्रश केला आणि रक्त आले, तर वुजू राहील का? या शंकेने त्या नमाजच्या वेळी फक्त चूळ भरत. मसअला असा आहे की हनफी मसलकात थुंकीत रक्ताचे प्रमाण जास्त किंवा बरोबरीचे असेल, म्हणजे थुंकी लाल दिसत असेल, तर वुजू तुटतो. रक्त नावापुरते असून थुंकी पिवळसर दिसत असेल तर तुटत नाही. कोकणातले आपले शाफई भाऊबहीण रक्त आल्याने वुजू तुटतो असे मानत नाहीत. अधिक खुलासा आपल्या इमामसाहेबांकडून घ्यावा. पण त्यातून वाट अगदी साधी निघते: ब्रश आणि चूळ वुजूच्या जरा आधी उरकून घ्या, रक्त थांबू द्या, मग वुजू करा. तोंडाच्या स्वच्छतेची ताकीद ज्या दीनने इतक्या आग्रहाने दिली, त्याच दीनच्या नावाने दात घासणे सुटावे, हे आम्हाला पटत नाही.

शेवटी भाभी दंत महाविद्यालयात गेल्या. केस पेपर निघाला, आणि एका विद्यार्थिनी डॉक्टरने बारीक बोथट सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजली. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक मानतात. भाभींचे बहुतेक दात याच हिशोबात होते, फक्त हिरडी सुजलेली आणि आतून किटण. मागच्या एका दाढेपाशी मात्र पाच भरले. तिथे हाड थोडे गेलेले होते. बाकी सगळे परत येण्याजोगे, ही एक जागा नाही. तोंडाला पदर धरण्याची वेळ आणखी दोन वर्षे चालली असती तर अशा जागा किती झाल्या असत्या, याचा अंदाज डॉक्टरांनी सांगितला नाही. भाभींनी विचारलाही नाही.

उपचार म्हणजे स्केलिंग, आपल्या भाषेत दात साफ करणे. थरथरणारे एक टोक दातावरून फिरते, सोबत पाण्याची धार असते, आणि किटण तुकड्या-तुकड्याने निघते. आवाज त्रासदायक असतो, दुखणे सहन होईल इतपत. भाभींना दोन वेळा जावे लागले, आणि दाढेच्या खिशासाठी जागा बधिर करून मुळापर्यंत खरवडावे लागले. महाविद्यालयात विद्यार्थी हे काम करतात आणि वरिष्ठ डॉक्टर तपासतात. त्यामुळे वेळ जातो, अर्धा दिवस मोडतो. पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो आणि घाई केली जात नाही.

यानंतरचे दिवस नीट समजून घ्या, कारण बरे होताना लोक घाबरतात आणि इथेच उपचार सोडतात. तिसऱ्या दिवशी भाभींना गार पाणी झोंबू लागले. दातांमध्ये फटी दिसू लागल्या. शेजारणी म्हणाल्या, मशीनने दात घासून टाकले, आता हलायला लागतील. खरे असे की किटणाने त्या फटी भरलेल्या होत्या. ते निघाले, सूज ओसरली, आणि दडलेली जागा उघडी पडली. झोंबणे बहुतेकांचे काही दिवसांत कमी होते. दात हलू लागला असे ज्यांना वाटते, त्यांच्या दाताचा आधार आधीच गेलेला असतो. किटणाच्या भिंतीने तो टेकून उभा होता इतकेच.

पहिला आठवडा ब्रश करताना थोडे रक्त येत राहिले. डॉक्टरांनी बजावले होते की थांबायचे नाही, फक्त ब्रश मऊ घ्यायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी थुंकी पांढरी झाली. एक औषधी चूळ दोन आठवड्यांपुरती दिली होती, क्लोरहेक्सिडीनची. ती डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस घ्यावी. जास्त दिवस घेतली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बदलते. टूथपेस्ट आणि ही चूळ यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरणे आरामदायक आहे, करायला हरकत नाही. पण मिठाने किटण विरघळत नाही.

ब्रश कसा करावा हे मोठ्यांना सांगणे जरा अवघड जाते, तरी सांगतो. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवायचा, अर्धा दातावर, अर्धा हिरडीच्या रेषेवर, आणि छोट्या-छोट्या हालचाली करायच्या. आडवा करवतीसारखा ओढायचा नाही. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि त्यातले रात्रीचे चुकवायचे नाही. आतली बाजू, विशेषतः खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू, सगळ्यांचीच राहून जाते. किटण सर्वात जास्त तिथेच सापडते. दोन दातांच्या मधल्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे धागा किंवा बारीक फटीचा ब्रश लागतो. मेडिकलवर मिळतो. सुई, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी बंद करा.

मिस्वाकबद्दल नेहमी विचारले जाते. पीलूच्या झाडाची ही काडी केवळ बरकतीसाठी नाही, ती खरोखर काम करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये तिच्या वापराची शिफारस केली होती. पण काडी ताजी हवी, टोक चावून मऊ केलेले हवे, आणि जुने झालेले तंतू कापून टाकायला हवेत. कित्येकांच्या खिशात एकच वाळकी काडी महिनोन्‌महिने फिरते आणि समोरच्या चार दातांवरून दोनदा ओढली जाते. मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचवणे कठीण आहे. म्हणून नमाजच्या वेळी मिस्वाक आणि रात्री ब्रश, ही जोडी आम्हाला चांगली वाटते.

राखुंडी, कोळशाची पूड, वीटेची पूड, भरड लाल मंजन यांनी दात घासू नयेत. दाताचे आवरण झिजते आणि हिरडी खाली सरकते. आणि विदर्भातल्या बायकांचे जे गुपित आहे, म्हणजे गुडाखू, त्याबद्दल स्पष्ट बोललेच पाहिजे. त्यात तंबाखू असते. ‘मी कुठे तंबाखू खाते, मी तर फक्त दात घासते’ असे म्हणणाऱ्या खाला दिवसातून चार वेळा दात का घासतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते.

रक्त केवळ घाणीमुळेच येते असेही नाही. गरोदरपणात संप्रेरके बदलल्यामुळे थोड्याशा थरानेही हिरडी फार सुजते. ‘एका बाळामागे एक दात जातो’ ही म्हण बहुधा यातूनच आली. दात बाळ नेत नाही. नऊ महिने भीतीने तोंडाला हात न लावणे नेते. गरोदर बाईचे दात साफ करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे मानतात, फक्त गरोदर असल्याचे डॉक्टरांना सांगावे. वयात येणाऱ्या मुलामुलींतही हिरड्या अशा सुजतात. साखरेच्या आजारात हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही, असा दुहेरी फेरा आहे. फिट्सच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरडी वाढते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना दाखवा. आणि ताप असताना, किंवा अंगावर निळे-लाल डाग उठत असताना, हात न लावताच हिरडीतून रक्त येत असेल तर दंतवैद्य नव्हे, आधी फिजिशियन गाठा, त्याच दिवशी.

रमजानमध्ये ही सगळी शिस्त कोलमडते. सहेरीनंतर अजानच्या धास्तीने ब्रश राहतो, तरावीहनंतर डोळे मिटतात. सहेरी पाच मिनिटे आधी संपवली तर ब्रश होतो. रोजात मिस्वाक चालते. टूथपेस्ट अनेक उलेमा मकरूह मानतात, म्हणून ती इफ्तार ते सहेरीच्या वेळेत घ्यावी. स्केलिंग करायचे असेल तर रमजानच्या आधी शाबानमध्येच उरका.

तीन महिन्यांनी भाभींची पुन्हा मोजणी झाली. सगळीकडे सूज गेली होती, दाढेपाशी पाचाचे चार झाले होते. ती जागा आता दर सहा महिन्यांनी दाखवायची आहे. पालक सभेत त्या पुढे बसतात आणि बोलतात, जरा जास्तच.

त्यांच्या नवऱ्याच्या हिरडीतून कधीच रक्त येत नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. दिवसाला सहा-सात खर्रे. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा आणि खालच्या ओठाशी दाबून ठेवायचा, गाडी चालवताना झोप येत नाही म्हणून. शिवाय बिडी. धूम्रपान करणाऱ्याची हिरडी रक्त कमी सांडते, कारण निकोटीनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालू राहतो आणि बाहेरची खूण तेवढी दिसत नाही. भाभींसोबत गेले असता डॉक्टरांनी सहज त्यांचा ओठ खाली ओढला. खर्रा ठेवायच्या जागी दोन दातांची मुळे उघडी पडली होती आणि आतली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. तोंड किती उघडते तेही डॉक्टरांनी बोटांनी मोजून पाहिले. दोन बोटे कशीबशी गेली. त्यांना पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. हैदराबादची ट्रिप लागली नाही तर जातो म्हणतात. भाभींनी ट्रान्सपोर्टच्या शेठला फोन करून ट्रिप दुसऱ्याला द्यायला सांगितले आहे.